"जाऊ दे, मीच करते": शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एकटी पडलेल्या मुलीला उत्तर

प्रश्न: मी कळव्याला राहते, नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा ग्रुप आहे. पिकाच्या पानाचा फोटो काढला की रोग सांगणारं ॲप करतोय. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बाइंड केलेला रिपोर्ट, जमा करायला पाच आठवडे उरलेत. एक जण प्रत्येक गोष्टीला "हो, करतो" म्हणतो आणि करत नाही. माझी फर्स्ट इयरपासूनची जिवलग मैत्रीण बाहेरच्या परीक्षेच्या क्लासमध्ये अडकलीय. चौथा हुशार आहे, पण आम्ही केलेलं त्याला पटत नाही, रात्रीत सगळं बदलून टाकतो. रिपोर्ट, पीपीटी, डेटा सगळं माझ्या गळ्यात. पहाटे तीनला जाग येते. शुक्रवारी गाइड सरांसमोर रिव्ह्यू असतो, त्या सकाळी पोटात मुरडा येतो. ग्रुपवर मेसेज वाजला तरी छातीत धडधडतं. आईवर ओरडते आणि मग रडते. सरांना सांगितलं तर चुगली होईल का? हे पाच आठवडे कसे काढू?

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या तिघांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एक वाक्य ऐकू आलं, जे तू कुठेच लिहिलेलं नाहीस: "जाऊ दे, मीच करते." ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत समुपदेशक म्हणून काम करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हे वाक्य माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतं. बहुतेक वेळा ते बोलणारी मुलगी असते, आणि घरी पाहुणे आले की न सांगता उठणारीही तीच असते. हे वाक्य त्या क्षणी भांडण टाळतं, म्हणून जिभेवर बसतं. त्याची वसुली पहाटे तीनला होते.

चुगलीचं आधी सांगते. सरांना सांगणं चुगली नाही. पण कधी आणि कसं सांगायचं याला महत्त्व आहे, आणि त्याआधी तुझ्याकडे एक काम आहे.

"हो, करतो" म्हणणाऱ्या मुलापासून सुरुवात करू. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने १८८० च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. आठ जण एकत्र ओढत होते तेव्हा माणशी जोर एकट्याने ओढताना लागायचा त्याच्या जेमतेम निम्मा भरला. थोडा जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जात असेल, हे खरं. पण १९७४ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग डोळे बांधून केला गेला. मागे कोणीच ओढत नव्हतं, फक्त "तुझ्यामागे माणसं आहेत" एवढं सांगितलं होतं, तरी जोर कमी पडला. मग १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. तो प्रयोग मोठ्याने ओरडण्याचा होता. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर माणसं गटातही एकट्याइतकीच जोरात ओरडली.

आपल्याकडे याला अंगचोरी म्हणतात. शब्दातच चोरी असल्यामुळे आपण लगेच चारित्र्यावर घसरतो. तो मुलगा आळशी असेलही, मला माहीत नाही. पण "टेस्टिंग आपण सगळे मिळून करू" असं जिथे ठरतं तिथे चांगली माणसंही ढिली पडतात. तू ठाण्याची आहेस, दहीहंडी लहानपणापासून बघत आली असशील. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम झाला. त्या मनोऱ्यात "आपण सगळे मिळून उभे राहू" असं कोणी म्हणत नाही. खालच्या थराला कोण, दुसऱ्याला कोण, कोणाचा पाय कोणाच्या खांद्यावर, हे महिनोन्महिने सरावात पक्कं झालेलं असतं. तिथे अंग चोरायला जागाच राहत नाही, कारण खांदा हलला तर कोणाचा हलला ते वरच्याला पायाखाली कळतं.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये खांदे ठरलेले नाहीत. तुझं पहिलं काम हे.

त्यासाठी चौघांनी एकदा समोरासमोर बसायचं. व्हॉट्सॲपवर अजिबात नको. तिथे "ओके" लिहिलं की माणूस सुटतो, आणि निळ्या टिकांचे अर्थ लावत तू रात्र काढतेस. कॅन्टीनमध्ये चारनंतर गर्दी ओसरते तेव्हा चाळीस मिनिटं बसा. नाहीतर रविवारी सकाळी तलावपाळीला या. कॉलेजबाहेर माणसं जरा मऊ बोलतात. एक कोरा कागद घे आणि उरलेलं सगळं काम त्यावर उतरव, पण बारीक तुकडे करून. "रिपोर्ट" हे काम नव्हे. "तिसऱ्या चॅप्टरमधली डेटासेटची दोन पानं, बुधवार रात्री नऊपर्यंत, ड्राइव्हवर" हे काम. प्रत्येक तुकड्यापुढे एकच नाव लिही. दोन नावं लिहिलीस की दोर आला.

त्या बैठकीत "तुम्ही कोणी काही करत नाही" हे वाक्य काढू नकोस. ते खरं वाटत असलं तरी. का, ते एका प्रसंगातून सांगते.

काही वर्षांपूर्वी असाच एक चौघांचा ग्रुप माझ्याकडे आला होता, इलेक्ट्रॉनिक्सचा. एकमेकांकडे न बघता बसले होते. त्यांच्यातल्या एका मुलीने फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तो सारखा थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होता आणि ती दर वेळी बोटाने मागे ओढत होती. मी चौघांना चिठ्ठ्या दिल्या आणि म्हटलं, आतापर्यंतच्या कामातला तुमचा स्वतःचा वाटा किती टक्के, ते लिहा. नाव घालू नका. घड्या उघडल्या: ६०, ४५, ४०, ३०. बेरीज १७५. सगळे त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांच्यातला सगळ्यात कामचुकार समजला जाणारा मुलगा म्हणाला, "४५ माझे आहेत." तो तीनदा लोकलने मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन आला होता. एकदा सेन्सर चुकीचा आला म्हणून, एकदा जळला म्हणून, एकदा दुकान बंद होतं म्हणून. ते तीन दिवस बाकी कोणाच्या हिशोबात नव्हते, कारण ते कोणी पाहिले नव्हते. आणि त्या तीन दिवसांत इतरांनी रात्री जागून लिहिलेला कोड त्याच्या हिशोबात नव्हता.

हे खोटं बोलणं नाही. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोघांनी नवरा-बायकोंना घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला होता, तिथेही बहुतेक कामांत बेरीज शंभराच्या वर गेली. स्वतःचे कष्ट आपल्याला आतून आठवतात, दुसऱ्याचे नुसते कानावर येतात. तुझ्या ग्रुपमध्ये तूच सर्वांत जास्त करतेयस यावर माझा विश्वास आहे. तरीही बैठकीला जाताना एवढी शंका मनात ठेव की तुला न दिसलेलं काहीतरी असेल. मग आवाज आपोआप खाली येईल.

त्या मुलाला "का केलं नाहीस?" ऐवजी "कुठे अडलंय?" विचार. मी पाहिलेल्या "हो, करतो"वाल्या मुलांमध्ये खरोखर बेफिकीर असे होते, पण कमी. जास्त करून असे होते की त्यांना विषयच कळला नव्हता. तिसऱ्या सेमिस्टरला सुटलेलं पुढे कधी सापडलंच नाही, आणि आता शेवटच्या वर्षाला चारचौघांत "मला हे येत नाही" म्हणायची लाज. एक जण रात्री तुर्भ्याला गोदामात काम करत होता आणि हे ग्रुपमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. अशा मुलाला मोठं काम देऊन "जमेल ना?" विचारलं तर तो "हो"च म्हणणार. त्याला एका दिवसात संपेल असं काम दे. फोटोंची नावं नीट लावणं, ॲपच्या प्रत्येक स्क्रीनचे फोटो काढून त्याखाली दोन-दोन ओळी लिहिणं. पहिला अर्धा तास शेजारी बस. एक काम पुरं झालं की माणसाला पुढचं झेपतं.

आता तो हुशार मुलगा. मला वाटतं तुझ्या सगळ्यात जवळचा तोच आहे. रात्री दोनला तो जेव्हा तुमचा कोड खोडून नवा लिहितो, तेव्हा मनात काय म्हणत असेल? "जाऊ दे, मीच करतो." तुमच्या दोघांची भीती एकच आहे: दुसऱ्यावर सोडलं तर बुडू. तू ती गिळतेस, तो ती कीबोर्डवर काढतो. त्याला "तू आमचा अपमान करतोस" म्हटलंस तर तो आकडे दाखवेल आणि वाद हरशील. त्याला तारीख दे. दर बुधवारी रात्री नऊला जे चालतंय ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि शुक्रवारचा रिव्ह्यू होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुधारणा करायच्या असतील तर वेगळ्या कॉपीत. हा नियम त्याच्यासकट सगळ्यांना लागू. हुशार मुलांना विनंतीपेक्षा नियम मान्य करणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. तुझा शुक्रवारचा मुरडा बराचसा याचाच असणार. काल चालणारं ॲप आज सरांसमोर उघडेल की नाही हेच माहीत नसेल, तर कोणाच्याही पोटात गोळा येईल.

पाच आठवड्यांबद्दल थोडं कठोर बोलते. ते पाच नाहीत. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. अंदाज सरासरी ३३.९ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५.५. "सगळं बिनसलं तर किती?" याचं त्यांचं उत्तर होतं ४८.६, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमी पडला. तेव्हा बाइंडिंगवाल्याकडची गर्दी, सह्या, सरांनी शेवटच्या क्षणी काढलेल्या दुरुस्त्या, यांसाठी शेवटचा दीड आठवडा आत्ताच बाजूला काढ. उरले साडेतीन. यात जे बसत नाही ते ॲपमधून काढून टाका आणि रिपोर्टमध्ये "पुढील काम" म्हणून लिहा. त्याची लाज वाटून घेऊ नका, तो चॅप्टर त्यासाठीच असतो.

सरांकडे कधी जायचं? कागदावरच्या दोन तारखा एकाच नावापुढे चुकल्या की. त्याआधी ग्रुपमध्ये सांग: "या शुक्रवारी मी सरांना वाटपाचा कागद दाखवणार आहे." लपवून जाऊ नकोस, मग चुगलीचा प्रश्नच उरत नाही. आणि सरांपुढे माणसापासून सुरुवात करू नकोस, अडलेल्या कामापासून कर. "सर, टेस्टिंग दोन आठवडे पुढे सरकलेलं नाही. हा आमचा कागद. पुढच्या रिव्ह्यूला प्रत्येकाने आपापला भाग स्वतः दाखवायचा, असं तुम्ही सांगाल का?" एवढं बस. यात कोणाची निंदा नाही, आणि तो १९८१ चा ओरडण्याचा प्रयोग सरांनी तुमच्यावर करायला सुरुवात केली. लॉगबुक असेल तर दर आठवड्याला कोणी काय केलं ते त्यात लिहून सही घ्या. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक प्रत्येकाला वेगळं विचारू शकतात, तेव्हा आपापला भाग माहीत असणं त्या तिघांच्याही फायद्याचं आहे. हे त्यांना सांग, धमकी म्हणून नाही.

सर लक्ष घालतीलच असं मी म्हणणार नाही. काही गाइड म्हणतात, "तुमचं तुम्ही मिटवा." तसं झालं तर तुला ठरवावं लागेल की किती उचलायचं. ठरवून उचललेलं ओझं आणि गळ्यात पडलेलं ओझं शरीराला वेगळं लागतं. "चौथा चॅप्टर मी करीन, पाचवा नाही, तो झाला नाही तर आपण तसाच जमा करू आणि मार्क जातील ते जातील" असं म्हणायची तयारी ठेव. मला माहीत आहे हे वाक्य तुला किती जड जाईल. पण सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीला सांगितलं होतं, "दोनच महिने आहेत, घे सांभाळून." तिने सांभाळलं. प्रोजेक्ट उत्तम झालं आणि मे महिन्यात ती पेपर लिहायला उठू शकली नाही. तो सल्ला मी पुन्हा कोणाला दिला नाही.

आता तुझ्या झोपेकडे येऊ, कारण झोप नसेल तर वरचं काहीच जमणार नाही. झोपण्याआधी पाच मिनिटं वहीत उद्याची कामं लिही. मोबाइलवर नको, हाताने. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर हे करून पाहिलं होतं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी राहिलेली. राहिलेली लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि जितकं नेमकं लिहिलं तितकी झोप लवकर. आपल्याला वाटतं उलट होईल. पण डोक्याला "विसरू नको" म्हणून जागं राहावं लागतं, ते काम वही करते. तीनला जाग आली तर घड्याळ बघू नकोस. पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठ. कळव्याच्या घरात वेगळी खोली कुठली असणार, तर स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल घेऊन बस, दिवा मंद ठेव, झोप आली की परत जा. अंथरुणात पडून प्रोजेक्टचा विचार करायचा नाही, एवढाच यातला मुद्दा.

ग्रुप म्यूट कर. सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री आठ, या तीन वेळा उघड आणि तसं सगळ्यांना सांगून टाक. खरंच तातडीचं असेल तर फोन येईल. मी सांगितलेल्या मुलांना पहिले दोन दिवस हे फार कठीण गेलं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून धडधड कमी झाल्याचं बरीच जण सांगतात. आणि ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने जातेस, तो प्रवास प्रोजेक्टला देऊ नकोस. खिडकी मिळाली तर ऐरोलीच्या आधी खाडीवर बघत राहा. शुक्रवारी गाडीत पोट आवळायला लागलं तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांब झालं की हृदयाची गती उतरते. तोंड मिटून करता येतं, शेजारणीला कळतही नाही. त्या सकाळी उपाशीपोटी नुसत्या चहावर निघत असशील, तर तेही बंद कर. चहासोबत पोळीचे दोन घास तरी खा.

आईला एकदा सांग, "मी तुझ्यावर ओरडते तेव्हा राग तुझा नसतो, कॉलेजचं फार झालंय." सल्ला नको असेल तर तेही सांग. आईला कारण कळलं की तिची अर्धी काळजी उतरते.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा. किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन कर. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असा विचार एकदा जरी मनात आला तर दोन आठवडे थांबू नकोस, त्याच रात्री आईला उठव आणि हा नंबर लाव. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, १९०१ पासूनचं. नाव काढलं की घरचे दचकतात, पण त्याच्या बाह्यरुग्ण विभागात झोप उडाली, घाबरायला होतं, असं सांगणारी माणसंही येतात आणि औषध घेऊन दुपारच्या आत घरी जातात.

राहिली तुझी मैत्रीण. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि मला वाटतं सगळ्यात जास्त तेच दुखतंय. त्या मुलाकडून तुला अपेक्षाच नव्हती, हिच्याकडून होती. तिच्याशी चौघांच्या बैठकीत बोलू नकोस, आधी एकटी भेट. क्लास वाशीला असेल तर तो सुटल्यावर सागर विहारला जा, खाडीच्या कठड्यावर बसा. प्रोजेक्टचा कागद बरोबर नेऊ नकोस. पहिलं वाक्य मी सुचवते, तुझ्या शब्दांत बदल: "तुझ्या परीक्षेचं मला कळतं, पण मी एकटी पडलेय, आणि हे तुला सांगायला मला महिना लागला." मग गप्प बस. ती लगेच काही बोलली नाही तरी तू मधली जागा भरू नकोस, तिला बोलू दे.